माशी शिंकली कुठे?

२००८च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या निवडणुकीचा प्रचार ऐन रंगात आला होता. उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी एका भाषणात सरकारी उधळपट्टीचे दाखले देताना फळमाश्यांवरच्या संशोधनाची, तेही थेट पॅरिसमधल्या, खिल्ली उडवली. जीवशास्त्रज्ञ खवळले. गंमत अशी, की पेलिनबाई ज्या प्रकल्पाबद्दल बोलत होत्या तो ऑलिव्हचं पीक नासवणाऱ्या माशीबद्दल होता आणि खवळलेल्यांपैकी बरेच जण कैवार घेत होते ते भलत्याच माशीचा.

हा घोळ आपल्याकडेही होतो. कोकणातल्या आंबा बागायतदाराला फळमाशी म्हटलं की आठवते ती आंब्याच्या सालीत सुई खुपसून आत अंडी घालणारी, जिच्यासाठी बागेत रक्षक सापळे टांगावे लागतात ती. तिचं कूळ वेगळं. प्रयोगशाळेतली माशी म्हणजे केळी दोन दिवस जास्त राहिली की भोवती भिरभिरू लागणारं चिलट. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, डोळे विटकरी लाल, शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. धडधाकट फळाच्या वाटेला ती सहसा जात नाही. तिला हवं असतं ते सडू लागलेल्या फळावरचं यीस्ट. या चिलटावर काम करणाऱ्यांना १९३३, १९४६, १९९५, २०११ आणि २०१७ अशी पाचदा वैद्यकाची नोबेल पारितोषिकं मिळाली आहेत.

असं काय आहे तिच्यात? नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: माणसाच्या आजारांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के जनुकांची भावंडं या माशीत सापडतात. आकडा बरोबर आहे, पण माझ्या मते ते अर्धंच उत्तर आहे. नुसतं साम्यच हवं असतं तर उंदीर आपल्याला कितीतरी जवळचा. माशीची खरी किंमत वेगळ्याच गोष्टीत आहे. तिच्यातला नेमका एक भाग बिघडवता येतो, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवता येतं आणि काय बंद पडलं ते दहा दिवसांत बघता येतं. जुन्या वाड्यातली कोणती तार कुठे गेली आहे हे कळेनासं झालं, की वायरमन एकेक फ्यूज काढतो आणि कुठल्या खोलीतला दिवा गेला ते विचारतो. माशीवरचं शंभर-सव्वाशे वर्षांचं काम बरंचसं असंच चाललं आहे.

त्यासाठी लागणारे गुण तिच्यात जात्याच आहेत. २५ अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून उडणारी माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार यांची खळ शिजवून काचेच्या नळीत तळाला ओतली, वर कापसाचा बोळा लावला, की झालं तिचं घर. गुणसूत्रांच्या जोड्या चारच, आणि त्यातली एक तर ठिपक्याएवढी. आपल्या २३ आहेत. शोधायची जागाच लहान.

या कामाची सुरुवात झाली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, थॉमस हंट मॉर्गन यांच्याकडे. खोली १६ फूट बाय २३ फूट, तीत आठ टेबलं, दुधाच्या रिकाम्या बाटल्या आणि त्यांत केळी. मॉर्गन यांचा मेंडेलच्या नियमांवर फारसा विश्वास नव्हता आणि आनुवंशिक गुण गुणसूत्रांवर बसलेले असतात हे तर त्यांना मुळीच पटत नव्हतं. १९१०मध्ये त्यांच्या एका बाटलीत लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर निघाला.

त्याचं लग्न लाल डोळ्यांच्या मादीशी लावलं. पोरं जवळपास सगळी लाल डोळ्यांची. या पोरांचं आपसात संकरण केल्यावर पुढच्या पिढीत पांढरे डोळे परत आले, साधारण चारात एक. इथपर्यंत मेंडेलचंच गणित. पण पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या उचलून बघितल्या तर सगळे नर. एकही मादी नाही.

आता याचं कोडं सोडवू. मादीकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात, नराकडे एक एक्स आणि एक वाय. डोळ्याला लाल रंग देणारं जनुक एक्सवर आहे असं धरा. मुलाला एक्स मिळतं ते फक्त आईकडून. आईच्या दोन एक्सपैकी एकावर बिघाड असेल, तर निम्म्या मुलांच्या वाट्याला बिघडलेलं एक्स येणार, आणि ते झाकायला त्यांच्याकडे दुसरं एक्स नाही. मुलींकडे मात्र वडिलांचं चांगलं एक्स आलेलं असतं, त्यामुळे त्यांचे डोळे लालच. ज्या मॉर्गनना गुणसूत्रांची गोष्ट पटत नव्हती त्यांच्याच बाटलीने ती सिद्ध केली. रंगांधळेपणा आणि हिमोफिलिया मुलग्यांमध्येच जास्त का दिसतो, त्याचं उत्तर हेच आहे.

पुढची मजल मारली ती आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या कॉलेजातल्या विद्यार्थ्याने. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुकं पुढच्या पिढीत बरोबरच जायला हवीत, पण कधी कधी त्यांची फाटाफूट होते, कारण अंडं तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रं आपापले तुकडे अदलाबदल करतात. स्टर्टेव्हंटच्या डोक्यात आलं, की दोन जनुकं जितकी दूर, तितकी त्यांची फाटाफूट जास्त वेळा होणार. म्हणजे फाटाफुटीचं प्रमाण हीच अंतराची मोजपट्टी. १९११मध्ये एका रात्री कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारून त्याने प्रयोगशाळेतले आकडे मांडले आणि सकाळपर्यंत जगातला पहिला जनुकांचा नकाशा तयार केला. डीएनए म्हणजे काय हे कळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १९२७मध्ये त्याच खोलीत शिकलेल्या हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांचा मारा करून माश्यांमध्ये हवे तितके बिघाड घडवता येतात हे दाखवलं आणि पांढऱ्या डोळ्यांच्या नराची वाट बघत बसायची गरज संपली.

या क्षेत्रात नावं बिघाडावरून पडतात, हे एकदा लक्षात ठेवलं की पुढचा गोंधळ टळतो. डोळ्यांना लाल रंग आणायला जे लागतं, त्या जनुकाचं नाव ‘व्हाइट’. डोळा घडवणाऱ्याचं नाव ‘आयलेस’, पंख घडवणाऱ्याचं ‘विंगलेस’. ज्याच्यावाचून हृदयच तयार होत नाही ते ‘टिनमन’, म्हणजे ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधला हृदय नसलेला पत्र्याचा माणूस. दारू लवकर चढणाऱ्या एका माशीला तर ‘चीप डेट’ असं नाव आहे. माशीवाल्यांचा विनोद कधी कधी जरा सैलच असतो.

फ्लाय लॅबमधलं रोजचं काम मात्र अजिबात विनोदी नाही. सच्छिद्र पॅडमधून कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो, त्यावर नळी उपडी केली की माश्या गुंगून पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशने त्या एकेक करून बाजूला सारायच्या. पोटाचा शेवट काळाभोर आणि पुढच्या पायांवर काळा कंगवा असेल तर नर. खरी कसरत असते ती कुमारिका गोळा करण्याची. मादी नराकडून मिळालेले शुक्राणू बरेच दिवस साठवून ठेवते, त्यामुळे एकदा कुणाशी संबंध आला की तिच्या पोरांचा बाप कोण हे ठामपणे सांगता येत नाही. कोषातून बाहेर पडल्यावर साधारण आठ तास ती नराला जवळ येऊ देत नाही. तेवढ्या वेळात तिला उचलायची. म्हणून पीएचडीचे विद्यार्थी सकाळी, दुपारी, रात्री अशा फेऱ्या मारतात, किंवा रात्रीपुरत्या नळ्या १८ अंशांत ठेवून माश्यांची वाढ मंदावतात आणि थोडी झोप पदरात पाडून घेतात.

दुसरी अडचण जपणुकीची. बॅक्टेरिया किंवा उंदराचे गर्भ गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतात. माश्यांचे वाण मात्र अजूनही बहुतांशी जिवंतच सांभाळावे लागतात, दर काही आठवड्यांनी हाताने नव्या नळीत घालून. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन केंद्रात असे ७० हजारांहून जास्त वाण आहेत. त्यांतल्या कित्येकांमधला बिघाड असा, की त्याच्या दोन प्रती एकत्र आल्या तर माशी मरतेच. मग तो वाण टिकतो कसा? त्यासाठी ‘बॅलन्सर’ नावाची गुणसूत्रं तयार केलेली आहेत. त्यांचे तुकडे मुद्दाम उलटेपालटे केलेले असतात, त्यामुळे त्यांची जोडीदाराशी अदलाबदल होऊन गोंधळ होत नाही. त्यांच्यावर एक ठळक खूणही असते, उदाहरणार्थ वर वळलेले पंख. वळलेल्या पंखांची माशी दिसली की समजायचं, हिच्याकडे एक बॅलन्सर आहे आणि समोरच्या गुणसूत्रावर आपला जपलेला बिघाड. चौथ्या पिढीतल्या माशीच्या पोटात काय आहे ते नुसते पंख बघून सांगता येतं. उंदीरवाल्यांना याचा हेवा वाटला तर नवल नाही.

इथपर्यंत रंग, पंख, डोळे अशा दिसणाऱ्या गोष्टी झाल्या. वागणुकीचं काय? वागणूकही अशी फ्यूज काढून तपासता येईल, असं १९६०च्या दशकात कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या सीमोर बेंझर यांनी म्हटलं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. सवयी, वेळेचं भान, आठवण हे सगळं इतक्या जनुकांच्या सरमिसळीतून येत असणार, एक काढून काय कळणार?

त्यांचा विद्यार्थी रॉन कोनोप्का वेळेच्या मागे लागला. माश्या कोषातून बाहेर पडतात त्या पहाटेच्या सुमारास, आणि सतत अंधारात ठेवलं तरी त्यांचं वेळापत्रक साधारण २४ तासांचंच राहतं. त्याने साखरपाण्यातून रसायन पाजून माश्यांमध्ये बिघाड घडवले आणि भलत्याच वेळी बाहेर पडणाऱ्या माश्या वेचल्या. तीन वाण हाती लागले. एकाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तिसऱ्याला दिवसरात्रीचा पत्ताच नाही. नकाशावर जागा शोधली तर तिन्ही बिघाड एक्स गुणसूत्रावर एकाच ठिकाणी. एकाच जनुकाच्या तीन तऱ्हा! १९७१मध्ये हे प्रसिद्ध झालं, जनुकाला ‘पीरियड’ नाव मिळालं, आणि वागणूक जनुकांत शोधता येते की नाही हा वाद माझ्या मते तिथेच निकालात निघाला.

मग हे जनुक वेळ मोजतं तरी कसं? ते १९८४मध्ये वेगळं काढता आलं आणि पुढच्या काही वर्षांत जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांच्या गटांनी यंत्रणा उलगडली. पीरियड जनुक चालू असतं तेव्हा पेशीत त्याचं पेर नावाचं प्रथिन तयार होऊ लागतं. रात्रभर ते साठत जातं. पुरेसं साठलं की टिम या दुसऱ्या प्रथिनाला बरोबर घेऊन ते पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि स्वतःचंच जनुक बंद करतं. माल येणं थांबतं. असलेलं प्रथिन हळूहळू मोडत जातं, आणि ते संपलं की जनुकावरचा दाब सुटून ते परत चालू होतं. या एका फेऱ्याला लागतात सुमारे २४ तास. मोडणं किती वेगाने व्हायचं हे आणखी एक प्रथिन ठरवतं. उजेड पडला की टिम फुटतं, आणि त्यामुळे घड्याळ रोज सूर्याशी जुळवून घेतं. विमानाने अमेरिकेला गेल्यावर आपलं शरीर चार-पाच दिवस जे जुळवत बसतं ते थोड्याफार फरकाने हेच.

२००१मध्ये अमेरिकेतल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरातली माणसं पिढ्यान्पिढ्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पेंगायला लागायची आणि पहाटे साडेचारला टक्क जागी व्हायची. शिस्त नव्हे, बिघाड होता, आणि तो निघाला माशीतल्या पीरियडच्या मानवी भावंडात. २०१७चं नोबेल हॉल, रोसबॅश आणि यंग यांना मिळालं. बेंझर २००७मध्ये आणि कोनोप्का २०१५मध्ये गेले होते.

आपल्याकडेही हे काम जुनं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२पासून रेणवीय जीवशास्त्राचा गट उभा केला. तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर त्यांनी बेंझर यांच्याबरोबर काम केलं. नैरोबीत गोव्याच्या कुटुंबात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे पीएचडीला आल्या आणि दोघांनी १९७०च्या दशकात वास आणि चव न कळणाऱ्या माश्या शोधून काढल्या. वास ओळखण्याची यंत्रणा जनुकांच्या वाटेने उलगडण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. आज पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत आणि आघारकर संशोधन संस्थेतही माश्यांच्या नळ्यांचे ट्रे दिसतात.

दिल्लीची गोष्ट तर त्याहून मोठी. भारतीय कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे पुसाला, आर. पी. शर्मा यांना पंख नसलेल्या माश्यांचा वाण मिळाला आणि १९७६मध्ये व्ही. एल. चोप्रा यांच्यासह त्यांनी त्याचं सविस्तर वर्णन छापलं. हेच ते विंगलेस. १९८७मध्ये लक्षात आलं, की उंदरांत स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेलं इंट-१ नावाचं जनुक आणि दिल्लीच्या माशीतलं विंगलेस हे एकच आहेत. दोन्ही नावं जोडून या घराण्याला ‘विंट’ म्हणू लागले. गर्भात कोणत्या पेशींनी काय व्हायचं याचे निरोप पोहोचवणारी ही साखळी आहे, आणि मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत ती चालू अवस्थेत अडकून पडलेली असते.

माशीचं जनुक आणि आपलं जनुक ‘एकच’ म्हणजे किती एकच, याचा पुरावा स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला १९९५मध्ये मिळाला. वॉल्टर गेरिंग यांच्या गटाने आयलेस जनुक भलत्या ठिकाणी चालू केलं, तर माशीच्या पायावर, पंखावर, मिशीवर लाल डोळे उगवले. मग त्यांनी उंदराचं भावंड-जनुक माशीत घातलं. तरीही डोळे उगवले, पण ते माशीचे, शेकडो भिंगांचे. म्हणजे ते जनुक ‘इथे डोळा कर’ एवढाच हुकूम देतं. कसला डोळा करायचा हे ज्याचं त्याचं शरीर ठरवतं. माणसात याच जनुकाची एक प्रत बिघडली तर मूल बुबुळातल्या रंगीत पडद्याशिवाय जन्माला येतं.

मेंदूच्या अभ्यासात मात्र नुसता बिघाड पुरत नाही. जन्मापासून बिघडलेल्या माशीत कदाचित मेंदूच वेगळा घडला असेल. हव्या त्या पेशी, हव्या त्या वेळी बंद करता यायला हव्यात. १९९३मध्ये आंद्रेया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांनी यीस्टमधून उसनी घेतलेली एक युक्ती मांडली. एका माशीत ‘कुठे’ हे ठरवणारा भाग, दुसरीत ‘काय’ हे ठरवणारा भाग. दोघींचं संकरण केलं की पोरांमध्ये निवडलेल्या पेशींतच निवडलेलं जनुक चालू होतं. तापमान वाढलं की लुळी पडणारी एक माशी होती, ‘शिबिरे’. तिचं जनुक या युक्तीने मोजक्या चेतापेशींत घातलं, की खोली तापवल्यावर तेवढ्याच पेशी मुक्या होतात आणि गार झाल्यावर परत बोलू लागतात. आठवण साठवताना कोणत्या पेशी लागतात आणि आठवताना कोणत्या, हे असं वेगवेगळं तपासता आलं. २००५मध्ये सुझाना लिमा आणि गेरो मीझेनबॉक यांनी उजेडाचा झोत टाकून माशीला उडायला लावलं. हुकूम उजेडाचाच आहे, माशीने बघून ठरवलेलं नाही, याची खात्री करायला त्यांनी माश्यांची डोकी काढून प्रयोग केला. त्या तरीही उडाल्या.

२०२४च्या ऑक्टोबरात प्रौढ मादीच्या पूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. एक मिलिमीटरपेक्षाही लहान असलेल्या त्या मेंदूचे सात हजारांहून जास्त काप काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची चित्रं घेतली होती. संगणकाने पेशींचे धागे ओढले आणि शेकडो माणसांनी त्याच्या चुका दुरुस्त केल्या. प्रिन्स्टनच्या माला मूर्ती आणि सेबॅस्टियन स्युंग यांच्या पुढाकाराने झालेल्या या कामात १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातले पाच कोटींहून जास्त जोड निघाले. त्यावर ‘मेंदू उलगडला’ अशा बातम्या आल्या. त्या जरा उतावीळच होत्या. नकाशा एका माशीचा आहे. कोण कुणाशी जोडलं आहे ते त्यात दिसतं, पण रक्तासारख्या द्रवातून पसरणारे रासायनिक निरोप दिसत नाहीत. फ्यूज काढून बघायचं काम संपलेलं नाही, फक्त आता वायरिंगचा कागद हातात आला आहे.

माशीला विचारता न येणारे प्रश्नही पुष्कळ आहेत. तिच्याकडे आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत, त्यामुळे लस का लागू पडते हे ती सांगू शकत नाही. फुप्फुसं नाहीत, बंद रक्तवाहिन्यांचं जाळं नाही. एखादं औषध तिला मानवलं म्हणून माणसाला मानवेल असं नाही.

तरी पार्किन्सनचं उदाहरण बघा. तरुणपणीच होणाऱ्या आनुवंशिक पार्किन्सनमध्ये पिंक-१ आणि पार्किन ही दोन जनुकं बिघडलेली सापडत होती, पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय ते कळत नव्हतं. २००६मध्ये दोन गटांनी माश्यांकडून उत्तर काढलं. चाचणी अगदी साधी: नळी टेबलावर आपटायची, निरोगी माश्या सरसर वर चढतात, आजारी माश्या तळाशीच रेंगाळतात. पिंक-१ बिघडलेल्या माश्यांना पार्किन जास्तीचं दिलं तर त्या सुधारल्या. उलटं केलं, पार्किन बिघडवून पिंक-१ जास्तीचं दिलं, तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे दोघं एकाच रांगेत आहेत आणि पार्किनचा नंबर नंतरचा. पुढे माणसाच्या पेशींतही हाच क्रम दिसला: पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया खराब झाली की पिंक-१ तिथे गोळा होतं आणि ती निकालात काढायला पार्किनला बोलावून घेतं. त्यावर बेतलेलं औषध अजून रुग्णांच्या हाती पडलेलं नाही, पण ते शोधणाऱ्यांना निदान कोणत्या टप्प्यावर हात घालायचा ते माहीत आहे.